वाकडे वेढे

नागोराव वरच्या मजल्यावर पहिल्यांदा गेले ते तक्रार घेऊन. विश्रांतवाडीच्या त्या सोसायटीत तक्रारीची रीत ठरलेली होती. चेअरमनना सांगायचं, चेअरमननी बघतो म्हणायचं, आणि मग दोघांनी मिळून विसरायचं. नागोरावांना ते जमत नसे. बिघाड कानावर आला की उठून तिथे जायचं आणि हात घालायचा, एवढंच त्यांना येत होतं.

वर आमोद आणि कादंबरी हे जोडपं राहत असे. दोघंही मूळचे पेठेतले. कादंबरी शाळेत गणित शिकवायची. आमोद खराडीला एका कंपनीत दिवसभर संगणकापुढे बसायचा आणि घरी आला की विजेची गिटार घेऊन बसायचा. गिटारीला नागोरावांची हरकत नव्हती. गाणं कसलंही असलं तरी कधीतरी संपतं. पण गाणं संपल्यावरही एक घूंऽऽ असा आवाज छतातून खाली झिरपत राही. तो संपत नसे.

"वाजवा कितीही," दार उघडल्याबरोबर नागोराव म्हणाले. "पण न वाजवता जे वाजतंय ते बंद करा."

कादंबरीने आत वळून सांगितलं, "आमोद, तुझे पहिले रसिक आलेत. तू थांबतोस तेव्हाच ऐकतात म्हणे."

आमोदला राग आला नाही. उलट त्याचा चेहरा खुलला. ती घुमण ऐकू आलेला माणूस त्याला घरबसल्या मिळाला होता. त्याने नागोरावांना सोफ्यावर बसवलं आणि गिटार पोटाकडून उघडून दाखवली. तारांच्या खाली लोहचुंबक, चुंबकावर तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. गिटारीची तार थरथरली की गुंडाळीत वीज उठते आणि तिचा आवाज होतो. पण गुंडाळी एकटी असली तर घरातल्या विजेची घुमणही पकडते. म्हणून शेजारी शेजारी दोन गुंडाळ्या ठेवायच्या, एक सुलटी, एक उलटी. एकीची घुमण दुसरी मारते आणि गाणं तेवढं उरतं. या जोडीला हमबकर म्हणतात. त्या दिवसांत आमोदने एकेक गुंडाळी वेगळी ऐकायची म्हणून दुसरी सोडवून ठेवली होती. ती त्याने जोडली आणि घूं बंद झालं.

तक्रार मिटली होती. नागोराव उठले. आमोदने त्यांना परत बसवलं.

त्याची खरी अडचण पुढे होती. त्याला आवाज हवा होता तो पन्नासेक वर्षांपूर्वीच्या हमबकरचा. ते जुने नग परदेशात आता देवघरातल्या मूर्तीसारखे जपतात. म्हणून त्यांच्यासारखे नवे बनवून विकतात. आमोदने अशा दोन जोड्या मागवल्या होत्या आणि त्यातली कोणती ठेवावी हे त्याला ठरवता येत नव्हतं. दोन्हींच्या पत्र्याच्या टोपणांवर गंज आणि ओरखडे होते. माल खराब निघाला का, असं नागोरावांनी विचारलं. नाही, कारखान्यातच मुद्दाम पाडतात, असं आमोदने सांगितलं. हे ऐकून नागोराव बराच वेळ टोपणाकडे बघत राहिले. ज्याच्या मालावर ओरखडा पडे त्याला त्यांनी उभ्या नोकरीत दोन शब्द सुनावल्याशिवाय सोडलं नव्हतं.

मग परीक्षा झाली. आमोदने एक जोडी लावून एक तुकडा वाजवला. तारा सैल करून, जोडाची झाळ वितळवून, दुसरी जोडी लावून तोच तुकडा पुन्हा वाजवला. पहिलीचा आवाज मधासारखा आहे, पण गोडाने गिळगिळीत झालाय, असं त्याचं मत होतं. दुसरीचा काचेसारखा. त्याला हवा होता जुन्या सागवानासारखा.

कादंबरी म्हणाली, तिला फरक स्पष्ट कळतो. पहिलीला आमोद डोळे मिटतो आणि दुसरीला भुवया वर करतो.

"तुमचं मत काय, काका?" आमोदने विचारलं.

"दोन्ही चालू आहेत," नागोराव म्हणाले.

त्यांच्या मते मालाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नसतं.

पण गुंडाळीचं नाव निघालं आणि नागोरावांचा हात शिवशिवला, हे खरं. ते मूळ पुसदकडचे. मिसरूड फुटायच्या वयात पुण्याला आले आणि चिंचवडच्या एका कारखान्यात गुंडाळी खात्यात चिकटले. रिलेच्या, म्हणजे विजेने आपोआप चालू-बंद होणाऱ्या खटक्याच्या, गुंडाळ्या करायच्या. तार केसाहून बारीक, चिमटीत जराशी दाबली की तुटणार, सैल सोडली की लोळणार. त्यांचा वेढा वेढ्याला चिकटून बसे, सुपातल्या तांदळासारखा नाही, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखा. तपासून झालेल्या नगावर ते हिरव्या रंगाचा ठिपका द्यायचे. खराब नगावर लाल. त्यांचा हिरव्या ठिपक्याचा नग कधी कोणी परत आणला नाही. पुढे देश खुला झाला, बाहेरून आयत्या गुंडाळ्या यायला लागल्या आणि खातं बंद पडलं. सगळ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा कंपनीची होती. भंगारात निघालेलं हाताने फिरवायचं एक वाइंडिंग मशीन मात्र नागोरावांनी घरी आणलं. ते बाहेरच्या खोलीत कापडाखाली उभं असे. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार मिळे. एरवी त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती, त्यांची बायको मुक्ताई हिलाही नाही.

"मीच करून देतो," नागोराव म्हणाले.

आमोदने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं तहानलेला माणूस नळाकडे बघतो. कंपनीचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं, तिथल्या स्पर्धेत त्याचा बँड उतरणार होता. त्याने लगेच प्लास्टिकच्या रिकाम्या बॉबिन आणि तारेचं रीळ आणून दिलं.

नागोरावांनी अंघोळ करून काम सुरू केलं. बोलणं नाही, रेडिओ नाही. मुक्ताईंनी चहा विचारला तर हात वर केला. दोन गुंडाळ्या उतरल्या त्या अशा की भिंगाखाली धरल्या तरी वेढा कुठे सुरू झाला ते दिसेना. कारखान्याच्या शिस्तीप्रमाणे त्यांना वॉर्निश पाजलं आणि सुकायला गच्चीवर नेलं. गच्चीवर मुक्ताईंच्या कुरडया वाळत होत्या. ऊन एकच, प्लास्टिकचा कागदही एकच. त्या वर्षीच्या कुरडया तळल्यावर फुलल्या छान, पण खाताना पंख्याची मोटार आठवायची.

वाळलेल्या गुंडाळ्यांवर हिरवे ठिपके पडले आणि त्या वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी आमोद खाली आला. त्याने एक गुंडाळी वर घरीच ठेवून घेतली होती आणि दुसरी तळहातावर धरली होती, तुळशीचं पान धरावं तशी.

"काका, फार सुंदर आहे," तो म्हणाला. "चालणार नाही."

मुक्ताईंनी विळीवरून मान वर केली. हे दोन शब्द या घरात नागोरावांना उद्देशून पूर्वी कोणी उच्चारले नव्हते. त्या स्वतः उच्चारत असत, पण कामाबद्दल नाही.

आमोदने घाईघाईने खुलासा केला. जुन्या कारखान्यातल्या यंत्रांना म्हणे वेढे मोजायची सोयच धड नव्हती. बॉबिन डोळ्यांना भरलेली दिसली की थांबायचं. तार इकडे तिकडे भटकायची, एका गुंडाळीत थोडी जास्त जायची, शेजारच्या गुंडाळीत थोडी कमी. त्या गोंधळातून तो सागवानी आवाज यायचा. परदेशी नकलांतही हाच दोष निघाला होता. त्या फार नीट होत्या, आणि काकांच्या तर त्यांच्याहून नीट. एक तशी राहू दे, पण तिच्या जोडीची दुसरी वाकडी हवी होती.

"म्हणजे तुम्हाला बिघडलेला माल पाहिजे," नागोराव म्हणाले.

"हो. पण तसा बिघाड आता कोणाला जमत नाही, काका."

त्या दिवशी नागोरावांनी पानातली भाकरी अर्धी ठेवली. एका गुंडाळीसाठी माणूस जेवण सोडत नाही, पण परत आलेल्या पहिल्याच नगासाठी सोडू शकतो. मुक्ताईंनी समजूत घातली, पोरगं आहे, त्याला काय कळतं. नागोराव म्हणाले, गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाने परत केलेला नग म्हणजे परत आलेला नग. तो पास करून घेतल्याशिवाय आपल्याला चैन नाही.

आणि ते बिघाड करायला बसले.

बिघाड करणं हे मेहनतीचं काम आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. तार मुद्दाम डावीकडे ढकलायची म्हटली की बोटं तिला आपोआप रांगेत आणत. बोटांना कोणी सांगितलेलं नव्हतं की आता निवृत्ती झाली. त्यांनी डाव्या हाताने तार धरली. थोड्या वेळात डावा हातही शिकला. डोळे मिटून केलं, तर उघडे ठेवून केल्यापेक्षा सरळ आलं. शेवटी त्यांनी युक्ती केली. ठरवून थोडे वेढे इकडे, थोडे तिकडे, मग एक तिरका, मग पुन्हा तसंच. घाम पुसत त्यांनी ती गुंडाळी वर पाठवली. तिच्यावर ठिपका दिला नव्हता. देववला नाही.

आमोद संध्याकाळी खाली आला. त्याला बोलायचं जिवावर आलं होतं.

"काका, यातला गोंधळसुद्धा एकसारखा आहे."

नागोरावांनी ती भिंगाखाली धरली. खरं होतं. साडीच्या काठासारखी नक्षी आली होती.

त्यानंतर ते टीव्ही लावून बसले. उभ्याने करून पाहिलं. एकदा मुक्ताईंना म्हणाले, माझ्याशी भांड. त्या म्हणाल्या, आत्ता कामं आहेत. तारेचं रीळ संपत आलं आणि संमेलन दोन दिवसांवर. एवढ्या वर्षांत नागोरावांनी वायदा चुकवला नव्हता, आणि आता एका वाकड्या गुंडाळीपायी चुकणार होता. त्या दुपारी ते जेवून भिंतीकडे तोंड करून झोपले.

मुक्ताई बाहेरच्या खोलीत वाती वळत बसल्या होत्या. अधिक महिना चालू होता आणि त्यांनी लक्षवातींचा नेम धरला होता. कापसाचा पुंजका डाव्या चिमटीत, तो हलकेच सोडत जायचा आणि उजव्या हाताने पीळ द्यायचा. बघायची गरज नाही, तोंड मोकळं. कादंबरीला शाळेची सुट्टी लागली होती म्हणून ती खाली येऊन बसली होती. मुक्ताई तिला तिसऱ्या मजल्यावरच्या दुर्गाबाईंच्या सुनेची हकिकत सांगत होत्या. ती सून सासूला न सांगता घरात मिक्सर घेऊन आली होती आणि तो कपड्यांच्या कपाटात लपवून ठेवला होता. दुपारी सासू झोपली की गोधडीत गुंडाळून चटणी वाटायची.

ऐन रंगात कापूस संपला. मुक्ताईंचे हात मोकळे झाले, आणि मोकळ्या हातांनी त्यांना बोलता येत नसे.

कादंबरीला काहीतरी आठवलं. आमोदने कुठेसं वाचलं होतं की त्या परदेशी कारखान्यात गुंडाळ्या करायला बायका बसायच्या.

"बायका?" मुक्ताई म्हणाल्या. "अन् बोलत नसतील का त्या?"

"बोलतच असतील, काकू."

"मग हे काहून गप्प बसून करून राहिले?"

असं म्हणून त्यांनी मशीनवरचं कापड काढलं. मागच्या खोलीतून घोरणं नियमित येत होतं. नागोराव घोरायचेही एका मापात. मुक्ताईंनी रिकामी बॉबिन लावली, तार कापसासारखी डाव्या चिमटीत धरली, उजव्या हाताने दांडा फिरवायला घेतला आणि हकिकत पुढे सुरू केली. सासूला वास कसा आला तिथे हात मंदावला आणि तार एका जागी साचली. सून म्हणाली शेजारून येतोय, तिथे दोघी हसल्या आणि तार पार दुसऱ्या टोकाला गेली. मधे दूध उतू जायला आलं, ते बघून आल्या. मधे गावाकडून भावाचा फोन आला, तो खांद्यात धरून त्या फिरवतच राहिल्या. सासूने कपाट उघडलं तेव्हा हात पूर्ण थांबला. मिक्सर तिने ठेवून घेतला, हे कळल्यावर पुन्हा सुरू झाला. हकिकत संपली तेव्हा बॉबिन भरलेली दिसत होती. म्हणून थांबल्या.

नागोराव उठून बाहेर आले. मशीन उघडं होतं. त्यांनी बॉबिन उचलली, चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला. दोष चष्म्याचा नव्हता. एका कडेला डोंगर, दुसऱ्या कडेला दरी, मधे एक खड्डा, त्यात तार कशीही आडवीतिडवी पडलेली.

"हे कोणी केलं?"

"मी," मुक्ताई म्हणाल्या. "कापूस संपला होता."

"ही गुंडाळी आहे की वाण्याच्या दुकानातली सुतळी?"

"तुटली कुठं? जोडून पाहा."

तुटली नव्हती, हीच आश्चर्याची गोष्ट होती. नागोरावांनी मीटर लावून पाहिला. वीज या टोकातून त्या टोकाला जात होती. कशी जात होती, तिचं तिला माहीत. त्यांनी ती उलगडून टाकायला हात घातला, तेवढ्यात कादंबरी मधे पडली. रीळ संपलंय, म्हणाली, आणि आमोद नाहीतर परवा स्टेजवर भुवया वर करून उभा राहील. तिने बॉबिन त्यांच्या हातून घेतली, जशी ती वर्गात पोरांकडून गोट्या घेत असेल, आणि वर गेली.

"हा माझा माल नाही," नागोरावांनी तिला जिन्यात बजावलं.

संध्याकाळी आमोद कंपनीतून आल्यावर दोघांनाही वर बोलावणं आलं. नागोरावांना जायचं नव्हतं, पण जोडणी नीट झाली की नाही हे न बघणंही जमण्यासारखं नव्हतं. आमोदने चुंबकाच्या एका अंगाला नागोरावांची पहिली, हिरव्या ठिपक्याची गुंडाळी बसवली होती आणि दुसऱ्या अंगाला मुक्ताईंची. एक सुलटी, एक उलटी. नागोरावांनी झाळ तपासली. मग आमोदने तोच तुकडा वाजवला.

त्याने डोळे मिटले नाहीत आणि भुवयाही वर केल्या नाहीत. त्याने गिटार बाजूला ठेवली. उठून मुक्ताईंच्या पायांना हात लावला आणि मग काही सुचेना म्हणून नागोरावांच्याही.

"हेच, काका. हाच तो."

"आवाज चालू आहे," नागोराव म्हणाले. खरं तर त्यांना तिन्ही वेळा एकच ऐकू आलं होतं. पण घूं अजिबात नव्हतं, हे त्यांनी मान्य केलं.

"एक गुंडाळी काकांची, एक काकूंची," कादंबरी म्हणाली. "एकमेकींच्या उलट बसवल्यात. कुरकुर ऐकू येणारच कशी."

आमोदने दुसऱ्या गुंडाळीवरही हिरवा ठिपका द्या म्हणून गळ घातली. जोडीत शोभेल, म्हणाला. नागोरावांनी नकार दिला. ठिपका मालावर पडतो, आवाजावर नाही. आपला नग पास झाला, तो गिटारीत बसला, इथे आपला हिशोब मिटला. त्या रात्री त्यांनी भाकरी पूर्ण खाल्ली आणि वर आणखी चतकोर मागितली.

संमेलनात पहिला नंबर लेझीमच्या पथकाला मिळाला. आमोदच्या बँडचा नंबर कितवा आला हे त्याने सांगितलं नाही. लाउडस्पीकरवाल्याने ढोल इतका वर ठेवला होता की गिटार कोणालाच ऐकू गेली नाही, असं कादंबरी म्हणाली. पण कार्यक्रम झाल्यावर तीन-चार गिटारवाल्यांनी आमोदची गिटार मागून घेतली, कानाला लावली, पोटात डोकावून पाहिलं, आणि पुढच्याच आठवड्यात मुक्ताईंकडे रिकाम्या बॉबिनच्या पिशव्या येऊ लागल्या.

आधी अधिक महिना संपू द्या, असं मुक्ताईंनी सांगितलं. लक्षवाती पुऱ्या झाल्या, उद्यापन झालं, मग मुक्ताई रोज दुपारी मशीनवर बसू लागल्या. कादंबरी आली की मिक्सरची हकिकत पुन्हा निघे, कधी खुद्द दुर्गाबाई येत, आणि मग विषय बदलून दुसऱ्या कोणाच्या सुनेवर जाई. नागोरावांकडे तार कापणं, टोकं सोलणं आणि चहा ठेवणं आलं. ते त्यांनी कुरकुर न करता घेतलं, कारण तपासणी त्यांच्याकडे होती. मुक्ताईंच्या गुंडाळीवर ठिपका देणार नाही, हे त्यांनी काही दिवस पाळलं. मग एक नग फारच वाकडा आला आणि तो हातात घेऊन आमोद उड्या मारत गेलेला त्यांनी पाहिला. गिऱ्हाइकाला असा माल हवा असेल तर असा मालसुद्धा शिस्तीने तपासला पाहिजे. नाहीतर उद्या कोणीही काहीही वाकडं करील. त्यांनी हिरव्या रंगाची बाटली काढली. नंतर लालही काढली.

जूनमध्ये कादंबरीची शाळा सुरू झाली आणि दुर्गाबाई लेकीकडे मांजरी गावाला गेल्या. एका दुपारी मुक्ताईंनी एक गुंडाळी उतरवून दिली. नागोरावांनी ती खिडकीशी नेली, उजेडात फिरवली आणि तिच्यावर लाल ठिपका दिला.

"काय झालं?" मुक्ताईंनी विचारलं.

"सरळ आलीय. परत कर."

"अहो, छान तर आली."

"म्हणूनच. हात बसला तुझा. आणि लक्ष देऊन केलीस. तोंड बंद होतं ना?"

मुक्ताईंनी कबूल केलं. बोलणार कोणाशी, भिंतीशी?

कामाच्या वेळी बोलायचं नाही हा नियम नागोरावांनी कारखान्यात पाळला होता आणि घरातही. मग त्यांनी स्टूल ओढलं, मशीनसमोर बसले, नवी बॉबिन लावून दिली आणि तारेचं टोक मुक्ताईंच्या चिमटीत ठेवलं.

"हं," ते म्हणाले. "त्या मिक्सरचं पुढं काय झालं?"